मोगऱ्याला पालाच पाला, कळी दिसत नाही

प्रश्न: बारा इंची कुंडीत तीन वर्षांचा मोगरा आहे. पानं हिरवीगार, फांद्या वेलासारख्या लांब वाढल्यात, पण कळ्या अगदी तुरळक. सकाळी दोन-तीन तास ऊन मिळतं. दर पंधरा दिवसांनी युरिया चिमूटभर देतो. काय बदलू?

प्रतिसाद १: आधी जागा बदला. मोगऱ्याला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवंच. ते नसेल तर बाकी सगळे उपाय वाया. युरिया तर आजच बंद करा. त्यातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की झाड पाल्यातच रमतं.

मग छाटणी. मोगरा नव्या फुटीच्या शेंड्याला फुलतो, जुन्या लांब फांद्यांना नाही. थंडी ओसरताना आठवडाभर पाणी तोडून ताण द्या. पानं किंचित मलूल झाली की सगळ्या फांद्या निम्म्यावर आणा, वाळक्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या बुडातून काढा. काप पेराच्या (पान फुटतं त्या गाठीच्या) जरा वर, तिरका. उरलेली जुनी पानंही खुडा. त्यानंतर वरची दोन इंच माती हलवून दोन मुठी शेणखत मिसळा आणि भरपूर पाणी द्या. हवा तापलेली असेल तर महिना-दीड महिन्यात कळ्या दिसतात.

प्रतिसाद २: ताण देण्याबद्दल एक सावधगिरी: नुकती कुंडी बदललेली असेल तर ताण देऊ नका, मुळं आधीच दुखावलेली असतात. नवी फूट चार-पाच इंच झाली की ०:५२:३४ (स्फुरद-पालाशचं पाण्यात विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा, संध्याकाळी फवारा. जास्त प्रमाणात पानांच्या कडा करपतात.

प्रश्नकर्ता: ज्या थोड्या कळ्या येतात त्याही जांभळट होऊन गळतात. हे उन्हामुळे का?

प्रतिसाद १: नाही, ही कीड आहे. एक कळी उभी चिरून पाहा. भोक आणि आत हिरवट अळी दिसली तर कळी पोखरणारी अळी. देठाजवळ सूज आणि आत अगदी बारीक पांढुरक्या अळ्या असतील तर कळीमाशी. दोन्हींत बिघडलेल्या कळ्या रोज तोडून पिशवीत बंद करून टाका, कुंडीत पडू देऊ नका, कारण कीड मातीत कोषात जाते. म्हणून वरची माती अधूनमधून खुरपा. कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, दोन थेंब साबणद्रव घालून, कळ्या मुगाएवढ्या असतानाच आठवड्यातून एकदा फवारा. अळी आत शिरल्यावर फवारा तिथवर पोचत नाही.

प्रतिसाद २: आणि पहिला बहर संपला की फुललेले शेंडे दोन पेरं खाली खुडा. पुढची फूट तिथूनच येते.