टाळेबंदीतला शांत दिवस, जेवणाचं टेबल आणि आखडलेली मान

रानवारा:

मार्च २०२० पासून काम घरूनच चालू आहे. मीटिंगा असतात त्या दिवशी फारसं काही होत नाही. एकही कॉल नसेल, घर शांत असेल, नुसतं वाचायचं-लिहायचं असेल, त्या दिवशी मात्र संध्याकाळपर्यंत मान आखडते, उजवा खांदा भरून येतो, डोळे चुरचुरतात. असं उलट का?

मांडणी अशी: टेबल ७५ सेंमी उंच, लाकडी खुर्चीची बैठक ४५ सेंमीवर, १४ इंची लॅपटॉप, पाठीमागे खिडकी. माउस वेगळा आहे, कीबोर्ड नाही. कोरोनाच्या टाळेबंदीमुळे दुकानं बंद आहेत, म्हणजे जे करायचं ते घरातल्याच वस्तूंत.

मोजपट्टी:

उलट वाटलं तरी कारण साधं आहे. कॉलवर ऐकताना माणूस मागे रेलतो, मान वळवतो, मधे पाणी प्यायला उठतो. एकाग्रतेने लिहिताना मात्र दोन-दोन तास हलत नाही. स्नायू थोडासाच का होईना, पण सतत आवळलेला राहिला की त्याला रक्त नीट पोचत नाही आणि तो दुखायला लागतो. त्यात डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. ते पुढे झुकलं की सगळा भार मानेच्या मागच्या स्नायूंवर येतो.

आता तुमचे आकडे बघा. बसल्यावर कोपर साधारणपणे बैठकीपासून २० ते २५ सेंमी वर असतं, म्हणजे तुमचं जमिनीपासून ६५ ते ७०. टेबल आणि लॅपटॉपची जाडी धरून कीबोर्ड येतो ७७ वर. हा फरक भरून काढायला खांदे दिवसभर वर उचललेले राहतात. भरून येणारा खांदा तिथला आहे.

बैठक ७-८ सेंमी उंच करा. उशी नको, ती दबते आणि तासाभरात तुम्ही पुन्हा खाली. ब्लँकेटची घट्ट, सपाट घडी घ्या. मात्र बैठक वाढवली की पाय अधांतरी होतात, मांडीच्या मागे कड रुतते आणि पायाला मुंग्या येतात. म्हणून पायाखाली तेवढ्याच उंचीचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवा, दोरीने करकचून बांधलेला, सुटा घसरतो. टेबलाखालच्या पट्टीला मांड्या घासत असतील तर बैठक दोन सेंमी कमी करा.

माउस लॅपटॉपला चिकटून ठेवा. कोपर बरगड्यांपासून लांब गेलं की उजव्या खांद्याची सुटका नाही.

दुपारची_सावली:

वरचं सगळं बरोबर, पण लॅपटॉपचा पडदा (स्क्रीन) खाली तो खालीच राहिला. लॅपटॉपची अडचणच ही की पडदा आणि कीबोर्ड जोडलेले. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात वर जातात, हात नीट ठेवले तर मान खाली. वेगळा कीबोर्ड नसेल तर वाचणं आणि लिहिणं वेळेने वेगळं करा. शांत दिवशी हे छान जमतं, कारण मधे कुणी हाक मारत नाही.

वाचताना लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढवा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हातभर. फक्त माउस वापरा. लिहायचं असेल तेव्हा पुस्तकं काढा, लॅपटॉप टेबलावर घ्या आणि पडदा मागे कलता करा. अर्ध्या-पाऊण तासाने ही अदलाबदल झाली की उठणंही आपोआप होतं. पुस्तकं लॅपटॉप डगमगणार नाही अशी लावा, पण तळाच्या हवेच्या जाळीखाली पुस्तकाचा पुठ्ठा येऊ देऊ नका. हवा अडली की पंखा घोंगावतो आणि यंत्र मंदावतं.

अक्षरं १२५ टक्क्यांवर न्या. हा उपाय फुकटचा आहे, म्हणूनच दुर्लक्षित राहतो. बारीक अक्षरं वाचताना हनुवटी नकळत पुढे सरकते.

आणि ताठ ९० अंशांत बसायचा अट्टहास नको. पाठ थोडी मागे, शंभर-एकशेदहा अंशांत टेकवा. कमरेच्या खळग्यात टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी ठेवली की आधार मिळतो.

काचेपलीकडे:

डोळ्यांचं राहिलं. पाठीमागची खिडकी पडद्यात चकाकते, ती टाळायला तुम्ही मान वाकडी करता. टेबल वळवून खिडकी बाजूला घ्या. समोरही नको, उजेडाच्या पार्श्वभूमीवर पडदा फिका दिसतो.

चुरचुर होते कारण पडद्याकडे बघताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळा कोरडा पडतो. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडचं काहीतरी २० सेकंद बघा, मग पाच-सहा वेळा डोळे सावकाश, पूर्ण मिटा. पंख्याचा झोत थेट तोंडावर येत असेल तर तो आधी हटवा.

रानवारा:

खिडकी आणि पुस्तकं, दोन्ही केलं. मानेला फरक आहे. पण आता लिहिताना उजव्या हाताच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात.

मोजपट्टी:

तुम्ही कोपर टेबलाच्या कडेवर टेकवत असणार. कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाला लागूनच एक नस जाते, आपटली की झिणझिण्या येतात तीच. ती करंगळीला आणि निम्म्या अनामिकेला जाते. कडक कडेवर ती दाबली जाते. कडेवर टॉवेलची चौपदरी घडी टाका आणि कोपराऐवजी त्याच्या पुढचा मांसल भाग टेकवा. फोन कानाला धरून तासभर बोलू नका. कोपर पूर्ण दुमडलं की तीच नस ताणली जाते, इअरफोन लावा.

मुंग्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात असतील तर मामला मनगटाचा. तेव्हा मनगट वर मुडपलेलं राहतं का ते तपासा. बैठकीची उंची अजून कमी पडत असेल.

बधिरपणा आठवडाभरात गेला नाही, रात्री झोपमोड व्हायला लागली किंवा पकड ढिली वाटली, तर टॉवेलवर विसंबू नका. डॉक्टरांना फोन करा आणि नेमकी कोणती बोटं ते सांगा, त्यावरून त्यांना बरंच कळतं.