ट्रक-बस सुरक्षा मोहिमा: यश चलानांवर मोजायचं की वाचलेल्या जिवांवर?

मेहकरचा प्रवासी: १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर ट्रॅव्हल्स उलटून पेटली, २५ जण गेले. तो जळका सांगाडा मी पाहिलाय. टायर तपासणी, चालकांचं समुपदेशन अशा मोहिमा होतात, पण अहवालात येतं काय? इतक्या गाड्या तपासल्या, इतक्यांना दंड केला. जीव किती वाचले ते कोण सांगणार?

निवृत्त निरीक्षक: मृत्यूंवरून तपासणीचं काम जोखणं अन्यायाचं आहे. एका रस्त्यावर एक बस जळली की वर्षाचा आकडा फिरतो. त्यात समृद्धी डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी ५२० किमी खुला झाला, जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१. रस्ता वाढला, रहदारी वाढली. तुलना कशाशी करणार? गुळगुळीत टायरची गाडी नाक्यावरच रोखली, तर न झालेला अपघात कुठल्या रकान्यात लिहू?

मेहकरचा प्रवासी: म्हणूनच नुसते मृत्यू नकोत, गाड्या जितके किलोमीटर धावल्या त्यामागे मृत्यू काढा. समृद्धीवर टोल अंतरानुसार लागतो. गाडी कुठे चढली, कुठे उतरली याची नोंद आहेच. ट्रक, बस, कार वेगवेगळे काढता येतील.

चालकाची बहीण: तुम्ही दोघंही टायरवरच अडलात. माझा भाऊ ट्रॅव्हल्सवर चालक आहे. नाक्यावर त्याला उतरवलं, शपथ दिली, कागदावर सही, एक फोटो. डोळे लालभडक होते, पण ‘किती झोपलास’ असं कुणी विचारलं नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिली होती. अपघात झाला की कारण ‘अतिवेग’. देशातले ७० टक्क्यांच्या आसपास मृत्यू त्याच खात्यात पडतात. डुलकीची नोंदच नसेल तर ती कमी झाली हे कळणार कसं?

पुणे-पनवेल रोजचा: मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ मृत्यू झाले होते. शून्य मृत्यू मोहिमेनंतर ते बरेच घटले. मोजता येतं की!

निवृत्त निरीक्षक: घटले, मान्य. पण तिथे कठडे बसले, धोक्याच्या जागा दुरुस्त झाल्या, कारवाईही वाढली. यातलं कशामुळे किती? शिवाय एकट्या २०१६ शी तुलना नको, मोहिमेआधीची तीन वर्षं आणि नंतरची तीन घ्या. ताई, झोपेचं मात्र पटलं. आमच्या तपासणीच्या कागदावर तो रकानाच नव्हता.