एक जण रजेवर गेला की दवाखाना अडतो, एकमेकांची कामं कशी शिकवायची?

प्रश्न (डॉक्टर): छोटा दवाखाना आहे. रिसेप्शनवर एक जण, दोन सिस्टर आणि हिशोब व विम्याचे दावे बघायला एक बाई. बाई रजेवर गेल्या की दावे तसेच पडून राहतात. सगळ्यांना सगळं शिकवायचं मनात आहे, पण सिस्टर म्हणतात, फोन उचलणं आमचं काम नाही. सुरुवात कुठून करू?

जुनी व्यवस्थापक: सगळ्यांना सगळं शिकवायच्या भानगडीत पडूच नका, डॉक्टर. जे काम एकट्यालाच येतं ते आधी धरा, म्हणजे तुमच्याकडे विमा. बाईंना दावा कसा भरतात ते लिहून काढायला सांगा. मग रिसेप्शनिस्टने ते वाचून एक दावा भरायचा आणि बाईंनी शेजारी गप्प बसायचं. ती जिथे अडेल तिथे टिपणात काहीतरी राहिलंय.

रिसेप्शनला रक्तदाब मोजायला जरूर शिकवा. पेशंट पाच मिनिटं शांत बसलेला, पाठीला आधार, हात हृदयाच्या पातळीला, कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) दंडाच्या मापाचा आणि मोजताना बोलायचं नाही. (हे शेवटचं रिसेप्शनवाल्यांना फार जड जातं.) लसींच्या फ्रिजचं तापमान कुणीही लिहू शकतं, 2 ते 8 अंश. त्याबाहेर गेलं तर लस फेकायची नाही आणि वापरायचीही नाही. ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून थंडच ठेवायची आणि लगेच सिस्टरला सांगायचं. इंजेक्शन आणि डोस सांगणं मात्र ज्याला परवानगी आहे त्यानेच, कितीही गर्दी असो.

हिशोबनीस: कामांच्या अदलाबदलीच्या घाईत एक विसरू नका. पैसे घेणारा आणि संध्याकाळी रोकड जुळवणारा एकच नको. आणि प्रत्येकाचं लॉगिन वेगळं ठेवा, नाहीतर नोंद कुणी बदलली ते कळणारच नाही.

एक सिस्टर: ‘आमचं काम नाही’ का म्हणतात ते विचारलंत का? जेवणाच्या सुट्टीत शिकवणार आणि पगार तोच, तर मीही हेच म्हणेन.

डॉक्टर: खरंय, विचारलं नव्हतं. पण मग फोनचं काय?

जुनी व्यवस्थापक: त्यांच्या कामाच्या वेळेतच शिकवा, त्या तासाला अपॉइंटमेंट कमी ठेवा. अपॉइंटमेंटचे फोन त्यांच्या गळ्यात मारू नका. छातीत दुखतंय, दम लागलाय असा फोन आला की तेवढा त्यांच्याकडे. रिसेप्शनलाही बजावा, अशा वेळी मोकळी वेळ शोधत बसायचं नाही. आणि शिकलेलं काम महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष करू द्या, बाई हजर असतानाच.