शेततळ्यांभोवतीची मुले: पोहणे शिकवावे, की आधी कुंपण घालावे?

माळरान (प्रश्न)
सिन्नर तालुक्यातील एका वस्तीशाळेत मी शिकवतो. प्लास्टिक कागदाचे अस्तर घातलेली शेततळी आमच्या शिवारात वाढली असून त्यांतली काही घरांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. ग्रामसभेत दोन मते पडली. काहींच्या मते सुट्टीत मुलांना पोहायला शिकवले की काम झाले. तर पोहता येऊ लागल्यावर मुले तळ्याकडे अधिकच धावतील, म्हणून धोक्याच्या पाट्या लावाव्यात, असे इतरांना वाटते. यावर कुठे अभ्यास झाला आहे का, आणि थोडक्या पैशांत सुरुवात कशी करावी?

जनआरोग्य
सर्वांत मोलाचे काम बांगलादेशात झाले आहे. तेथे ‘आंचल’ नावाच्या गावपातळीवरील पाळणाघरांत एक ते पाच वर्षांची मुले सकाळी नऊ ते दुपारी एक, म्हणजे आई कामात गुंतलेली असते नेमक्या त्या वेळात, सांभाळली जातात. थोड्या मोठ्या मुलांना ‘स्विमसेफ’ या उपक्रमात गावच्याच तळ्यात बांबूचा मांडव उभारून २५ मीटर पोहणे, ३० सेकंद तरंगणे आणि काठावरून दुसऱ्याला वाचवणे शिकवले जाते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहभागी नसलेल्या मुलांच्या तुलनेत बुडून होणारे मृत्यू आंचलमध्ये सुमारे ८२ टक्के आणि स्विमसेफमध्ये ९३ टक्के कमी आढळले. हे गट चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, त्यामुळे आकडे थोडे राखूनच घ्यावेत. पण पोहणे शिकल्याने धोका वाढतो ही शंका त्यांपुढे टिकत नाही.

पश्चिम बंगालच्या सुंदरबनातील सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये बुडून मृत्यूचे प्रमाण लाखामागे २४३.८ निघाले, आणि बहुतेक मृत्यू घराजवळच्या तळ्यात, दिवसाउजेडी झालेले होते. या वयाच्या मुलाला पाटी वाचता येत नाही आणि पोहणे शिकवण्याचेही ते वय नाही. म्हणून आपल्या ग्रामसभेतला वाद मुळात सहा वर्षांवरील मुलांपुरताच आहे. त्याखालच्यांसाठी कुंपण आणि कोणाची तरी सततची नजर, एवढेच उपाय उरतात.

बांधावरचा
वरील माहिती योग्य आहे, पण बांगलादेशातले तळे आणि आपले शेततळे यांत एक फरक आहे. आम्ही लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. दमलो की हाताला पायरी लागत असे. शेततळ्यात काठापासून तळापर्यंत गुळगुळीत कागद, त्यावर शेवाळ आणि उतार तीव्र, त्यामुळे पट्टीचा पोहणारासुद्धा बाहेर येऊ शकत नाही. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही अडकतो, आणि एकाच घरातली दोन माणसे जातात ती अशीच.

मी चारही बाजूंना लोखंडी खुंट्यांना गाठी मारलेले जाड दोर बांधून त्यांची टोके पाण्यात सोडली आहेत, दोन बाजूंना हवा भरलेल्या जुन्या ट्यूब बांधल्या आहेत आणि जाळीच्या कुंपणाच्या फाटकाला लहान मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंच कडी बसवली आहे. जाळी सोडली तर खर्च किरकोळ आला. उन्हाने दोर कुजतात. ते दरवर्षी बदलावे लागतात, हे मात्र लोक विसरतात.

निवृत्त परिचारिका
मुलांना पोहण्याआधी एक गोष्ट शिकवावी: कोणी बुडताना दिसले तर उडी न मारता आरडाओरडा करावा, काठी, दोर किंवा लुगडे टाकावे, तरंगणारा रिकामा कॅन फेकावा. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगून गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे, मिठात झाकून ठेवणे, हे सर्व प्रकार मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी मोलाची मिनिटे वाया गेली आहेत. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यावेत, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास हा क्रम चालू ठेवावा, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. हे पुस्तकात वाचून येत नाही, बाहुल्यावर हात बसवावा लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून पाहावे.

माळरान
आपणा सर्वांचे आभार. तळी असलेल्या शेतकऱ्यांशी दोरांविषयी या आठवड्यातच बोलतो. लहान मुलांचा प्रश्न अधिक अवघड दिसतो, कारण कांदालागणीच्या दिवसांत घरातले सगळेच रानात असतात आणि अंगणवाडी ते परतण्याआधीच सुटते. तेवढ्या दिवसांपुरती तिची वेळ वाढवता येईल का, किंवा वस्तीतील एखाद्या आजीबाईंना मानधन देऊन मुले त्यांच्याकडे ठेवता येतील का? कोणी असे करून पाहिले असल्यास मानधनाची सोय कशी केली, तेही कृपया लिहावे.