शब्दचर्चा : ‘सिम्युलेशन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

परिचारिका, डॉक्टर आणि वृद्धांच्या व मुलांच्या काळजीचे काम करणारे समाजकार्यकर्ते यांच्यासाठी असलेली एक प्रशिक्षण-पुस्तिका मी मराठीत आणत आहे. तिच्यात पानोपानी ‘सिम्युलेशन’ येते, म्हणजे खऱ्या माणसावर काम करण्याआधी खऱ्यासारखा प्रसंग उभा करून त्यात शिकणाऱ्याला वागायला लावणे. ‘अनुकरण’, ‘आभासी सराव’, ‘बतावणी’ हे पर्याय सुचले, पण एकही मनास येत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद

आधी मूळ शब्द पाहू. लॅटिनमधील ‘सिमिलिस’ म्हणजे सारखा. संस्कृतातील ‘सम’ त्याच कुळातला आहे. लॅटिनमध्ये त्यापासून बनलेल्या नामाला मात्र ढोंग असाही अर्थ होता, आणि मराठी पर्याय शोधताना आपण नेमके त्याच अर्थाकडे घसरतो. बतावणी, नक्कल, सोंग, लुटुपुटूचे या सर्व शब्दांत खोटेपणा पुढे येतो. शिवाय ‘आजाराचे सोंग’ म्हटले की त्यात रुग्णावरचा आरोप असतो.

हा आक्षेप केवळ कानाला खटकण्यापुरता नाही. मी परिचर्या शिकवते. सरावाच्या वेळी विद्यार्थिनी खाटेजवळ येते आणि म्हणते, “समजा, मी हात धुतले.” नळ दोन पावलांवर असतो, साबण असतो, पण हात कोरडेच राहतात, कारण हे सगळे ‘समजा’तले आहे असे तिने आधीच ठरवलेले असते. ज्या पद्धतीचा सारा भर प्रत्यक्ष कृतीवर आहे, तिचे नावच जर ‘समजा’ला परवानगी देणारे असेल, तर ते नाव चुकले असे मी म्हणेन.

‘आभासी’ हा शब्द पडद्यावर घडणाऱ्या गोष्टींसाठी रुळला आहे आणि तो तिथेच राहू द्यावा. नॉर्वेतील खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्दाल यांनी 1960 मध्ये पुनरुज्जीवनाच्या (थांबलेले हृदय व श्वास पुन्हा चालू करण्याच्या) सरावासाठी जी बाहुली तयार केली, तिच्या परंपरेतील मॅनिकिनवर आजही छाती दाबायला शिकवतात. प्रौढांसाठी ती 5 ते 6 सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायची असते. दोन मिनिटांत खांदे भरून येतात आणि दाब उथळ होऊ लागतो. रुग्ण खरा नसला, तरी हा थकवा खरा असतो. त्याला आभास कसे म्हणणार? (‘मॅनिकिन’ला पर्याय शोधू नये; ‘पुतळा’ म्हटले की चौथरा डोळ्यांपुढे येतो.)

समाजकार्याच्या प्रशिक्षणात तर बहुधा यंत्रच नसते. एक खोली, एक दार आणि भूमिका करणारी व्यक्ती एवढे पुरते. एकटे राहणारे वृद्ध गृहस्थ दार अर्धेच उघडतात, “मला कोणाची गरज नाही” म्हणतात, आणि त्यांच्या मनगटावरचा जुना जखमेचा डाग फक्त लक्ष देणाऱ्याला दिसतो. पुढे काय विचारायचे, किती थांबायचे, कुठे उभे राहायचे, हे त्या उंबऱ्यावरच शिकावे लागते.

म्हणून मी ‘तालीम’ सुचवते. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला असून त्याचा मूळ अर्थच शिकवणे असा आहे. मराठीने त्याला अंगमेहनतीची आणि पुन्हापुन्हा करून पाहण्याची जोड दिली. ‘रंगीत तालीम’ म्हटले की तिथे कोणी “समजा, मी पोशाख घातला” म्हणत नाही. पुस्तिकेपुरता ‘प्रसंग-तालीम’ असा जोडशब्द करावा.

प्रश्नकर्ता

सूचना आवडली, पण एक शंका आहे. नाटकाच्या तालमीत प्रत्येकाला पुढचे वाक्य पाठ असते, तर इथे शिकणाऱ्याला पुढे काय घडणार हे मुद्दाम सांगितलेले नसते. शिवाय ‘स्टँडर्डाइज्ड पेशंट’साठी मी ‘प्रमाणित रुग्ण’ लिहिले आहे, ते चालेल का?

प्रतिसाद

शंका योग्य आहे, पण ती नाटकाच्या तालमीलाच लागू पडते. कुस्तीच्या तालमीत समोरचा कोणता डाव टाकणार हे आधी ठाऊक नसते आणि तरीही ती तालीमच असते. मात्र हाताच्या नमुन्यावर शिरेत सुई घालायला शिकणे, अशा सुट्या कौशल्याला प्रसंग नसतो. तिथे साधे ‘सराव’ लिहावे.

‘प्रमाणित रुग्ण’ चालणार नाही. वाचक त्याचा अर्थ प्रमाणपत्र मिळालेला रुग्ण असा घेईल. हॉवर्ड बॅरोज यांनी 1963 मध्ये कॅलिफोर्नियात निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून ही पद्धत सुरू केली. नावातील ‘स्टँडर्डाइज्ड’ नंतर आले. ती व्यक्ती प्रत्येक विद्यार्थ्यापुढे तीच लक्षणे, तशाच रीतीने मांडते, एवढाच त्याचा आशय आहे. ‘भूमिका-रुग्ण’ लिहून पहिल्या उल्लेखाच्या वेळी हा खुलासा करावा.

‘डीब्रीफिंग’ही पुस्तिकेत असेलच. तालमीनंतर सर्वांनी बसून कोण काय पाहत होते आणि तसे का वागले हे उलगडणे, हा या पद्धतीचा गाभा आहे आणि बहुतेक वेळा तो प्रसंगापेक्षा जास्त वेळ घेतो. त्यासाठी ‘झाडाझडती’ किंवा ‘उलटतपासणी’ मुळीच नको. त्या शब्दांनी विद्यार्थिनी आरोपीच्या जागी जाते आणि गप्प होते. मी वर्गात ‘मागोवा’ म्हणते. “चला, आता मागोवा घेऊ,” असे म्हटले की खुर्च्या वर्तुळात ओढल्या जातात आणि जिने चूक केली तीच बहुधा आधी बोलू लागते.