एल्डन रिंग: शेवटच्या बॉससाठी कोणती तलवार पूर्ण अपग्रेड करू?

कारेलीबाग_डेक्स

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, युनिव्हर्सिटीत सेकंड इयरला आहे. एल्डन रिंग पहिल्यांदाच खेळतोय, मामेभावाच्या पीएस फोरवर. दिवाळी वेकेशन संपलं की तो मशीन घेऊन मुंबईला जाणार, त्याआधी मला गेम पुरी करायची आहे. अर्धवट सोडायची अजिबात इच्छा नाही, कारण इतकी सुंदर गेम मी आजवर खेळलेली नाही.

सध्या फारुम अझुलात आहे, ड्रॅगन टेंपलच्या ग्रेसवर (विश्रांतीच्या जागी). फायर जायंट हा बॉस झाला. लेव्हल ११८. व्हिगर (आयुष्य) ३२, स्ट्रेंग्थ (ताकद) २०, डेक्स (चपळाई) ५२, इंट (बुद्धी) १२, फेथ (श्रद्धा) ९, आर्केन (गूढशक्ती) ९. बाकीचे पॉइंट माइंड आणि एंड्युरन्समध्ये आहेत.

शस्त्रं अशी: उचिगाताना +१६ (कीन, म्हणजे डेक्सवर वाढणारी धार), ब्लडहाउंड्स फँग +७, मूनव्हेल +५. नागाकिबा आहे पण +३ वरच. लहानपणी लक्ष्मी विलासमध्ये जुनी शस्त्रं पाहिली तेव्हापासून मला वाकडी, लांब पात्याची तलवार आवडते, आणि गेममध्येही हाताला तीच बसते. हातोडे, कुऱ्हाडी चालवून पाहिल्या, जमत नाहीत.

प्रश्न असा की इथून पुढे अपग्रेडचे दगड कशावर खर्च करू? मित्र म्हणतात रिव्हर्स ऑफ ब्लड ही तलवार घे, बाकी सगळं विसर. मालेनिया नावाच्या बॉसलाही हरवायचं आहे आणि शेवटच्या बॉसलाही. दोघांसाठी एकच शस्त्र चालेल का?

रावपुरा_रोनिन

भावा, तुझे मित्र बरोबर सांगतायत. रिव्हर्स ऑफ ब्लड घे. माउंटनटॉप्सवर चर्च ऑफ रिपोजजवळ ओकिना नावाचा इन्व्हेडर येतो, त्याला मारलं की मिळते. कॉर्प्स पायलर हा तिचा खास हल्ला मारत राहायचं, बॉसची पट्टी डोळ्यांदेखत उतरते. अपडेटमध्ये तिची धार थोडी कमी केली, तरी मालेनियाला मी तिनेच मारलं.

मकरपुरा_टूलरूम

कारेलीबागवाल्या बाळा, घाई करू नकोस. आधी पूर्ण वाच, मग मालिकेथ या बॉसकडे जा. तुझ्या बाबतीत एक गोष्ट वेळेची आहे, ती सगळ्यात पहिली सांगतो.

मालिकेथ मेला की लेंडेल शहर राखेखाली जातं आणि जुन्या शहरातल्या ज्या वस्तू उचलायच्या राहिल्या त्या त्या खेळापुरत्या गेल्या. त्यातली सगळ्यात मौल्यवान म्हणजे बोल्ट ऑफ ग्रॅन्सॅक्स. शहरात तो अजस्र मेलेला ड्रॅगन आहे ना, त्याच्या भाल्यावर चालत जाता येतं, तिथे पडलेली असते. तिला स्ट्रेंग्थ २० आणि डेक्स ४० लागतं. तुझे आकडे बघ. तुझ्यासाठीच ठेवल्यासारखी आहे. हा भाला आहे, तलवार नाही, तुला आवडणार नाही हे माहीत आहे. पण त्याचा स्किल विजेचा भाला लांबवर फेकतो, बटण दाबून ठेवलं तर आणखी जोरात. तुझ्याकडे दुरून मारायला दुसरं काहीच नाही. आज रात्रीच फास्ट ट्रॅव्हल करून घेऊन ये.

आता रिव्हर्स ऑफ ब्लड. रोनिनभाऊंनी सांगितली ती तलवार उत्तमच आहे, पण तिला आर्केन २० लागतं आणि तुझं ९ आहे. म्हणजे अकरा लेव्हल फक्त ती हातात धरण्यासाठी, आणि तिचा खरा जोर आर्केन वाढवत नेलं तरच येतो. या टप्प्यावर एकेका लेव्हलला किती रून्स (गेममधलं चलन) लागतात हे तुला माहीत आहे. लार्व्हल टिअर ही वस्तू देऊन रेनाला या पात्राकडून स्टॅट बदलून घेता येतात, ज्याला आर्केनवर खेळायचं आहे त्याने जरूर करावं. पण तुझा हात डेक्सवर बसलाय. शेवटच्या लढायांच्या तोंडावर हात बदलू नये असं माझं ठाम मत आहे.

मी मकरपुऱ्यात टूलरूमला आहे. आमच्याकडे जॉब आला की आधी मटेरियल बघतात, मग टूल निवडतात. इथेही तेच कर. बॉस कशाचा बनलाय ते बघ.

मालेनिया: तिच्यावर ब्लीड (रक्तस्राव) लागतं, फ्रॉस्टही (हिमबाधा) लागतं. होलीचा (पवित्र माराचा) तिच्यावर जोर कमी चालतो. तिचा प्रत्येक लागलेला वार तिचं रक्त परत भरतो, ढालीवर घेतला तरी. म्हणून तिच्यासमोर लांबण लावणारं शस्त्र नको, थोड्या वारांत मोठा तुकडा तोडणारं हवं. ब्लीड आणि फ्रॉस्ट नेमकं तेच करतात, कारण दोन्ही बॉसच्या एकूण आयुष्याच्या टक्क्यात कापतात. वर फ्रॉस्ट बसलं की काही वेळ तिला तुझा प्रत्येक वार २० टक्के जास्त लागतो.

राडागॉन आणि एल्डन बीस्ट (शेवटची लढाई): यांच्यावर ब्लीड मुळीच चालत नाही. होली तर जवळपास वाया. एल्डन बीस्टवर जादू, आग, वीज हेही बरंच शोषलं जातं, सगळ्यात कमी अडतो तो साधा पोलादी मार. रिव्हर्स ऑफ ब्लड घेऊन गेलेले बरेच जण इथे येऊन थबकतात. त्या तलवारीचा अर्धा जीव रक्तात आहे आणि समोरच्याला रक्तच नाही.

म्हणून माझं उत्तर: उचिगाताना. तीच तलवार, दोन वेगळ्या धारांनी. मालेनियासाठी कोल्ड (बर्फाची), शेवटच्या लढाईसाठी कीन. राया लुकारियातलं ग्लिंटस्टोन व्हेटब्लेड (धार बदलायचं साधन) तुझ्याकडे असेल तर ग्रेसवर बसून अ‍ॅश ऑफ वॉर (शस्त्राला कौशल्य देणारी वस्तू) लावताना कोल्ड निवडता येतं, एक रूनही लागत नाही. उचिगातानाला ब्लीड मुळातच आहे, ते कोल्ड केल्यावरही राहतं, म्हणजे रक्त आणि बर्फ दोन्ही एका पात्यात. ब्लड अ‍ॅफिनिटी (धारेचा प्रकार) मात्र लावू नकोस, ती आर्केनवर वाढते आणि तुझ्याकडे आर्केन नाही.

कारेलीबाग_डेक्स

काका, बोल्ट आणली! रात्रीच गेलो. भाल्यावरून चालताना हात थरथरत होते, खाली पडलो असतो तर सगळे रून्स तिथेच. खूप खूप धन्यवाद, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

ग्लिंटस्टोन व्हेटब्लेड आहे माझ्याकडे. पण +१६ वरून +२५ करायला दगड कुठून आणू? आणि ब्लडहाउंड्स फँगचं काय, ती +१० पर्यंतच जाते म्हणजे कमजोर का?

मकरपुरा_टूलरूम

कमजोर नाही. सॉम्बर नावाच्या वेगळ्या दगडाची शस्त्रं +१० ला थांबतात, साध्या दगडाची +२५ ला. दोन्हींचा शेवट साधारण एकाच उंचीवर आहे, म्हणून आकडा बघून फसू नकोस. फँग +७ ही उचिगाताना +१६ च्या तोडीची किंवा वरचीच म्हण. तुझ्या स्टॅटला ती छान बसते, ब्लीडही आहे. पण तिची अ‍ॅफिनिटी बदलता येत नाही, म्हणून पहिला नंबर उचिगातानाचा.

दगडांचं ऐक. +१६ वरून +१८ ला सहा नंबरचे १० दगड, तिथून +२१ ला सात नंबरचे १२, आणि +२४ ला आठ नंबरचे १२. शेवटच्या पायरीला एक एन्शंट ड्रॅगन स्मिथिंग स्टोन. हे वेचत फिरायचं नाही. माउंटनटॉप्सवर झामोर रुइन्समध्ये मायनरचं तीन नंबरचं बेल बेअरिंग आहे, ते राउंडटेबलच्या जुळ्या म्हाताऱ्यांना दिलंस की पाच आणि सहा नंबरचे दगड विकत मिळतात. सात आणि आठ नंबरचं बेल बेअरिंग तू आहेस तिथेच, फारुम अझुलात. सॉम्बरचीही शेवटची दोन तिथेच आहेत, म्हणजे फँग +९ पर्यंत फक्त रून्सचा प्रश्न राहतो.

एन्शंट ड्रॅगन स्टोन मात्र मोजकेच मिळतात. तो उचिगातानालाच घाल. +२४ आणि +२५ मध्ये फार अंतर नसतं, त्यासाठी अडून बसू नकोस.

मूनव्हेल बाजूला ठेव. इंट २३ लागतं.

सुरसागर_स्पेल

काकांचं सगळं पटलं, पण एका गोष्टीवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. व्हिगर ३२! दादा, शस्त्र कितीही चांगलं असू दे, या आयुष्यावर फारुमच्या पुढचा कुठलाही बॉस तुला दोन फटक्यांत झोपवेल. मालिकेथ दुसऱ्या फेजमध्ये तर आयुष्याची पट्टीच छोटी करतो. मी इंटवर खेळते, डार्क मून ग्रेटस्वर्ड वापरते, आणि माझा अनुभव असा की डॅमेज २० टक्क्यांनी वाढवण्यापेक्षा एक फटका जास्त झेलता येणं जास्त लढाया जिंकून देतं. जास्त वेळ उभा राहिलास तर बॉसची चाल कळते, आणि चाल कळली की साधी तलवारही पुरते. पुढच्या सगळ्या लेव्हल व्हिगरला दे. निदान ४० कर, जमलं तर ५०. डेक्स ५२ पुरे आहे, ६० च्या पुढे तसाही फायदा मंदावतो.

दुसरं, मिमिक टिअर (तुझी नक्कल होऊन लढणारी मदतनीस) आहे ना? नोक्रॉनला नाइट्स सेक्रेड ग्राउंडमध्ये मिळते. ती तुझ्या हातात जे असेल तेच घेऊन उतरते. कोल्ड उचिगाताना घेऊन तिला बोलावलंस तर दोघं मिळून फ्रॉस्ट आणि ब्लीड भरता, निम्म्या वेळात. शस्त्र निवडताना हाही विचार करायचा, मिमिकच्या हातात काय शोभेल! बोलावताना हातात नको ते असेल तर ती तेच घेऊन लढत बसते.

रावपुरा_रोनिन

व्हिगरचं शंभर टक्के बरोबर. आर्केनचं माझ्या लक्षात आलं नाही, मी सुरुवातीपासूनच आर्केनवर होतो. कारेलीबाग, तुझ्यापुढे अजून गॉडस्किन ड्युओ आहे, ड्रॅगन टेंपलमध्येच. त्यांच्यावर झोप चालते. स्लीप पॉट बनवून ने, ट्रिनाज लिली साठव. एक झोपला की दुसऱ्याला धर. दोघांची आयुष्यपट्टी एकच आहे, कुणालाही मार, उतरते तीच.

कारेलीबाग_डेक्स

ताई, काका, रोनिनभाऊ, तुम्ही सगळ्यांनी इतकं समजावलंत! गॉडस्किन दोघे स्लीप पॉटने गेले, आणि मालिकेथही. व्हिगर ४१ केलं. फरक लगेच जाणवला, आता त्याच्या उडीनंतरचा वार खाऊनही फ्लास्क (आयुष्य भरणारं औषध) प्यायला वेळ मिळतो. उचिगाताना +२३.

आता मालेनियासमोर आहे. पहिली फेज कधी कधी होते, पण तो हवेत जाऊन गरगर कापत येणारा हल्ला आला की संपतो. तिथे शस्त्र बदलून काही होईल का? नागाकिबा लांब आहे, ती घेऊ?

मकरपुरा_टूलरूम

शाब्बास.

नागाकिबाची लांबी चांगली आहे, पण +३ वरून ती वर आणायला पुन्हा सगळे दगड लागतील. मालेनियासाठी तेवढा खर्च नको. त्या हल्ल्याला वॉटरफाउल डान्स म्हणतात. त्याला शस्त्राने उत्तर नाही, पायाने आहे. पण पायाला मदत करणारी गोष्ट शस्त्रावर लावता येते: ब्लडहाउंड्स स्टेप. कॅलिडमध्ये लेनेज राइझजवळच्या पुलावर रात्री काळा घोडेस्वार येतो, त्याला मारलं की ती अ‍ॅश मिळते. उचिगातानाला ती लाव आणि कोल्ड ठेव. मालेनिया हवेत उचलली गेली की लगेच मागे, तिच्यापासून दूर. पहिला झोत टाळला की पुढचे दोन झेपतात.

तिच्या अंगावर चढून बसायचा मोह आवर. तिचा एखादा लांब हल्ला संपला की दोन वार, फार तर तीन, आणि बाहेर. ती वारांनी अडखळते, म्हणून मिमिक एका बाजूला आणि तू दुसऱ्या बाजूला असशील तर तिला तोंड फिरवावं लागतं. आगीचं काही वापरू नकोस, आगीने बसलेलं फ्रॉस्ट उतरतं.

दुसऱ्या फेजच्या सुरुवातीला ती वरून फुलासारखी झेपावते. तेव्हा पळत सुटायचं, जवळ थांबायचं नाही. फूल उमलल्यावर ती काही क्षण मोकळी असते.

कारेलीबाग_डेक्स

पडली!! मिमिक मेली होती, माझा एकच फ्लास्क उरला होता, आणि फ्रॉस्ट बसलं त्याच वेळी ब्लीडही फुटलं. घरात सगळे झोपले होते म्हणून ओरडता आलं नाही.

आता राखेचं शहर, मग शेवट. उचिगाताना परत कीन केली, होली मार कमी करणारा हॅलिगड्रेक टॅलिस्मन घातला. एल्डन बीस्ट फार दूर दूर पोहत जातो असं ऐकलंय. तिथे बोल्ट वापरू की धावत जाऊ?

मकरपुरा_टूलरूम

दोन्ही. बोल्ट दुसऱ्या स्लॉटला ठेव. एल्डन बीस्ट दूर जाऊन वर उठला की दाबून धरून एक फेक, वीज थोडी शोषली जाईल पण काहीच न करण्यापेक्षा बरं. जवळ आलास की कीन उचिगाताना दोन हातांनी. राडागॉनपाशी फ्लास्क वाचव, मध्ये ग्रेस नाही.

आणि गेम अपडेट केली आहेस ना ते बघ. २०२४ च्या एका अपडेटपासून एल्डन बीस्टच्या लढाईत टॉरेंट या घोड्याला बोलावता येतं. पीएस मामेभावाची आहे, त्याने नेट लावून बऱ्याच दिवसांत अपडेट घेतली नसेल तर आज रात्रीच डाउनलोडला लाव, उद्या घोड्यावर बसून जा.