रेवन विल्किन्सनने चेहरा पांढरा केला, ते चुकलंच का?

पर्वतीकर: कोथरूडला भाचीच्या बॅले क्लासबाहेर पालकांची यावरून जुंपली, म्हणून धागा. १९५५ साली ‘बॅले रूस द मोंते कार्लो’ने रेवनला घेतलं. अमेरिकेतल्या मोठ्या बॅले कंपनीत पूर्णवेळ नाचणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. मुळात वर्ण उजळ, त्यात स्टेजवर आणखी पांढरा मेकअप थापायचा. माझ्या मते ही शुद्ध तडजोड. तिच्याआधी जॅनेट कॉलिन्स या कृष्णवर्णीय नर्तिकेला ‘बॅले रूस’वाल्यांनीच चेहरा रंगवायची अट घातली होती. शाळकरी वय, पण पोरीने साफ नकार दिला. पुढे १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ती प्रमुख नर्तिका झाली.

तुळशीबागवाली: अर्धंच सांगताय. १९५७ मध्ये अटलांटाच्या फक्त गोऱ्यांसाठीच्या हॉटेलात रेवनला तोंडावर विचारलं, कृष्णवर्णीय आहेस का? खोटं बोलली असती तर खोली मिळाली असती. नाही बोलली, हॉटेल सोडावं लागलं. माँटगोमेरीत तर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेची माणसं थेट स्टेजवर चढली. याला तडजोड म्हणायचं? आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या दौऱ्यात मेट्रोपॉलिटन ऑपेरा कॉलिन्सच्या जागी दुसरीलाच नाचवायची, तेही लिहा की.

पर्वतीकर: त्यात कॉलिन्सचा काय दोष? मेकअप करून रेवनला तरी काय मिळालं? १९६१ मध्ये कंपनी सोडावी लागलीच.

ग्रीनरूम: गॅदरिंगचे मेकअप करते, म्हणून बोलते. सावळी पोर खुर्चीत बसली की आई मागून कुजबुजते, “जरा उजळ करा हो.” चेहरा गुलाबी, कान आणि मान मूळ रंगाची, वर नाकात नथ. आठ वर्षांची पोर काय अट घालणार? रेवनही विशीतलीच होती. जाब विचारायचा तर कंपनीला विचारा.

पर्वतीकर: आठ आणि वीस यांत फरक आहे, ताई. एकीने मान्य केलं की पुढचीलाही तेच सांगतात.

तुळशीबागवाली: पुढचीचंच ऐका. अमेरिकेत कुणी उभं करेना, म्हणून रेवन १९६७ पासून डच नॅशनल बॅलेत नाचली. म्हातारपणी मिस्टी कोपलँड या कृष्णवर्णीय बॅले नर्तिकेची मार्गदर्शक झाली. २०१५ मध्ये मिस्टी न्यूयॉर्कला ‘स्वान लेक’ नाचली, तेव्हा स्टेजवर फुलं द्यायला रेवनच होती. मिस्टीला नाही खटकला तो मेकअप, तुम्हाला खटकतो!

पर्वतीकर: मिस्टीची कृतज्ञता वेगळी, माझा प्रश्न वेगळा. मी कॉलिन्सच्याच बाजूचा. अवांतर: भाचीचे पॉइंट शूज (पायाच्या बोटांच्या टोकावर नाचायचे बूट) फिकट गुलाबी आहेत. तिकडच्या सावळ्या नर्तिका शूजना आपल्या रंगाचं फाउंडेशन लावतात म्हणे. साटिनवर कुठलं टिकतं?

ग्रीनरूम: पॅनकेक मेकअप, ओल्या स्पंजने. व्यक्तिगत निरोप करते.